वारंगा फाट्यापासून निशी-कासाईपर्यंत : मुलाच्या घरचे नव्वद दिवस

नांदेडहून हिंगोलीकडे जाणारा रस्ता आणि यवतमाळ, उमरखेड, हदगावच्या बाजूने नांदेडकडे येणारा रस्ता जिथे एकमेकांना मिळतात, तो वारंगा फाटा. कळमनुरी तालुक्यातल्या या ठिकाणी कोणी किल्ला किंवा लेणे पाहायला येत नाही. गाड्या थांबतात त्या खिचडीसाठी. हळदीने पिवळीधमक झालेली, वाफाळती, पोटाला हलकी अशी ही खिचडी खाऊन माणसे पुढच्या प्रवासाला लागतात. आपण या भागातले असाल, तर येथे एकट्याने कितीदा तरी उतरला असाल. हिंगोलीची गाडी कोणती, नांदेडची कोठे लागते, हे आपण कोणालाही विचारले असेल; पैसे स्वतः मोजून दिले असतील. पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एस.टी.चा प्रवास मोफत झाल्यावर तर मुलाकडे तिकिटाचे पैसे मागण्याचीही गरज उरली नाही. फाट्यावर उतरलेला ज्येष्ठ माणूस कोणाचा पाहुणा नसतो आणि कोणावर भारही नसतो. पुढील मजकूर वाचताना एवढी गोष्ट मनात असू द्यावी.

आपला मुलगा किंवा मुलगी शिकून पुण्याला आणि तेथून टोकियोला गेली असेल, तर आज ना उद्या आपल्यालाही तिकडे बोलावणे येईल. बोलावणे प्रेमाचे असते. मात्र तेथे पोहोचल्यावर पहिला आठवडा कौतुकात सरतो आणि त्यानंतर घर रिकामे वाटू लागते. मुलगा आणि सून कामावर जातात, नातवंडे शाळेत जातात, शेजारी अदबीने मान लवतात पण बोलत नाहीत. अशा वेळी आईवडील खोलीत बसून राहतात, गुडघे आखडतात, पोट बिघडते, रात्री झोप येत नाही. घरातली मंडळी रविवारी उंच मनोरा दाखवतात, बागा दाखवतात, छायाचित्रे काढतात. सोमवारी पुन्हा तीच खोली. आपल्या प्रकृतीचा निकाल त्या सोमवार ते शुक्रवारच्या दिवसांत लागणार आहे. म्हणून या लेखात मनोऱ्यांपेक्षा भाजीबाजाराविषयी अधिक लिहिले आहे.

प्रथम औषधांचा विषय, कारण त्याची सुरुवात निघण्यापूर्वीच करावी लागते. नातलगांच्या भेटीसाठी जपानचा व्हिसा जास्तीत जास्त नव्वद दिवसांचा मिळतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे मात्र विशेष परवानगीशिवाय एका महिन्यापुरतीच बरोबर नेता येतात. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांच्या गोळ्या तीन महिन्यांच्या न्यायच्या असतील, तर जपानच्या आरोग्य खात्याकडून आधी ‘युन्यू काकुनिन-शो’ नावाचे आयात-प्रमाणपत्र घ्यावे लागते. इन्शुलिनसारख्या स्वतः टोचून घेण्याच्या औषधालाही हीच एका महिन्याची मर्यादा आहे. अर्ज आपला मुलगा तेथून संगणकावर भरू शकेल; पण डॉक्टरांची चिठ्ठी आपल्यालाच आणावी लागेल. तिच्यावर औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि आजार इंग्रजीत स्वच्छ लिहिलेले असावे. गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवाव्यात. आठवड्याच्या डबीत काढलेल्या सुट्या गोळ्या घेऊन विमानतळावर उभे राहणे सोयीचे नाही.

आणखी एक जपणूक हवी. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते आणि खोकल्याच्या काही औषधांत कोडीन. ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक असल्यास ही दोन्ही द्रव्ये जपानमध्ये नेण्यास मनाई आहे, मग ती औषधे आपल्याकडे कितीही सहज मिळत असोत. ‘असू द्यावी जवळ’ म्हणून पिशवीत टाकलेली सर्दीची पाने निघण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला एकदा दाखवून घ्यावीत.

विम्याचेही तसेच. जपानमधील राष्ट्रीय आरोग्य विमा तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ राहण्याची परवानगी असणाऱ्यांना मिळतो. भेटीला आलेल्या आईवडिलांना तो लागू होत नाही. 119 क्रमांकावर बोलावलेली रुग्णवाहिका पैसे घेत नाही, पण रुग्णालयाचे बिल आपल्यालाच भरावे लागते. त्यामुळे प्रवासी विमा घेताना जुने आजार लपवू नयेत, आणि त्या आजारांचा खर्च विमा खरोखर देतो का, हे मुलाला कागद वाचून विचारायला सांगावे. हप्ता जास्त वाटतो म्हणून मधुमेह लिहायचा नाही, असा सल्ला देणारे लोक भेटतात. त्यांचे ऐकू नये.

दिल्लीहून टोकियोला जाणारे विमान सुमारे आठ तास घेते. दर तास-दीड तासाने उठून चार पावले चालावे, पाणी प्यावे. एवढे पुरे.

आता मुक्कामाच्या गावाकडे वळू. टोकियोच्या पूर्व कडेला एदोगावा नावाचा विभाग आहे आणि त्यात निशी-कासाई हे स्थानक. नाव ऐकताच मराठी मनुष्य, त्यातही शाकाहारी, दचकतो. पण ‘निशी’ म्हणजे पश्चिम आणि ‘कासाई’ हे जुन्या गावाचे नाव, खाटकाशी त्याचा काही संबंध नाही. 2000 सालाच्या सुमारास संगणकांच्या तारखांचा गोंधळ निस्तरण्यासाठी भारतीय अभियंते जपानमध्ये मोठ्या संख्येने आले. शहराच्या मध्यभागातील कार्यालयांना तोझाई मार्गाच्या रेल्वेने थेट जाता येते, म्हणून ते येथे राहू लागले. परक्यांना घर भाड्याने देण्यास मालक कचरत. तेव्हा येथे आधीपासून राहणारे चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी यांनी पुष्कळांना आधार दिला. पुढे भारतीय शाळा आल्या, वाण्याची दुकाने आली. 2019 मध्ये पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक एदोगावाच्या स्थानिक सभेवर निवडून आले. जपानमध्ये असे निवडून आलेले ते पहिले भारतीय वंशाचे गृहस्थ होत. या परिसरात चालताना मराठी शब्द कानावर पडला, तर नवल वाटून घेऊ नये. थांबून चौकशी मात्र जरूर करावी.

घरात शिरताना पहिली काळजी पायांची. दारातच एक खोलगट जागा असते, तेथे पादत्राणे काढून एक पायरी वर चढायची असते. त्या पायरीवर ज्येष्ठांचा तोल जातो, कारण एका पायावर उभे राहून बूट काढण्याची सवय नसते. मुलाला तेथे एक छोटे स्टूल ठेवायला सांगावे आणि बिनलेसचे, मागून घट्ट बसणारे बूट वापरावेत. रात्री उठावे लागत असेल, तर वाटेवर मंद दिवा असावा.

स्नानगृहातील टब हे जपानी माणसाचे सुख आहे. हिवाळ्यात ते तेथील वृद्धांच्या जिवावरही बेतते, कारण थंड खोलीतून एकदम कढत पाण्यात शिरल्यावर रक्तदाब झपाट्याने खालीवर होतो. पाणी 41 अंशांपेक्षा गरम नसावे आणि दहा मिनिटांपेक्षा अधिक काळ त्यात राहू नये, असे जपानी सरकारच आपल्या नागरिकांना सांगते. आपण बादली आणि तांब्याचे लोक. आपल्याला स्टुलावर बसून अंगावर पाणी घेणे अधिक मानवेल, आणि तशी सोयही त्याच स्नानगृहात असते.

यानंतर येते स्वयंपाकघर. तेथे थोडे रेंगाळायला हरकत नाही.

डाळी, धान्य, ताजी भाजी, कढीपत्ता, फळे यांची बोचकी बांधून नेऊ नयेत. वनस्पतीजन्य वस्तूंना तेथे शासकीय आरोग्य-प्रमाणपत्र लागते आणि ते नसल्यास माल विमानतळावरच काढून घेतला जातो. त्याची गरजही नाही. निशी-कासाईतल्या भारतीय दुकानांत तूरडाळ, मूगडाळ, हिंग, मोहरी, गव्हाचे पीठ मिळते. ज्वारीचे पीठही शोधल्यावर सापडते. तांदूळ मात्र दोन प्रकारचा समजून घ्यावा. जपानी तांदूळ आखूड आणि चिकट असतो. मोकळ्या भाताला तो चालत नाही, पण आसट खिचडीला उत्तम. मूगडाळ, थोडी हळद, जिरे, हिंग आणि हा तांदूळ, पाणी चौपट-पाचपट. फाट्यावरच्या खिचडीची चव तिला येणार नाही, येण्याची अपेक्षाही ठेवू नये, पण दात नसलेल्या तोंडाला आणि प्रवासाने बिघडलेल्या पोटाला ती चांगली मानवते. शेगडी विजेची, इंडक्शनची असेल, तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटेल असे भांडे लागते. आजींनी तेथल्या पहिल्या सकाळी ‘शेगडी बिघडली’ म्हणून मुलाला कार्यालयात फोन करण्यापूर्वी ही गोष्ट ठाऊक असलेली बरी.

जपानी लोकांचीही एक खिचडीची बहीण आहे. तिचे नाव ‘ओकायू’, म्हणजे आपली भाताची पेज. आजाऱ्याला, बाळाला आणि वृद्धांना तीच देतात. 7 जानेवारीला सात प्रकारच्या कोवळ्या पाल्यांची पेज खाण्याची प्रथा आहे. नववर्षाच्या जेवणावळींनी थकलेल्या पोटाला विसावा, असा तिचा हेतू. दुकानात ओकायूच्या तयार पिशव्या मिळतात, गरम पाण्यात ठेवल्या की झाले. साधी पेज बहुधा तांदूळ, पाणी आणि मिठाचीच असते. पण काहींत मासा किंवा अंडे असते, म्हणून घटकांची यादी मुलाकडून एकदा वाचून घ्यावी आणि योग्य पिशवीचा रंग लक्षात ठेवावा.

शाकाहारी माणसाची खरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. भाजीच्या रश्श्यात, नूडल्सच्या पाण्यात, तोफूवर ओतलेल्या पातळ सॉसमध्ये ‘दाशी’ असते आणि ती बहुधा वाळवलेल्या माशाची असते. तयार जपानी करीच्या वड्यांत अनेकदा प्राण्याची चरबी असते. पिवळा रंग पाहून ती आपली वाटते, एवढेच. बाहेर खाताना ‘मांस नाही’ एवढे सांगून भागत नाही, कारण मासा तेथे मांसात मोजला जातोच असे नाही. तोफू घरी आणावा, तो स्वस्त आणि मऊ असतो, त्यातून प्रथिने मिळतात, आणि आपल्या फोडणीत तो आनंदाने मिसळतो.

मिठाकडे विशेष लक्ष द्यावे. मिसो, सोया सॉस, मिठात मुरवलेले उमेबोशी आणि लोणची यांमुळे जपानी आहार आरोग्यदायी असूनही खारट आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. नूडल्सचा एक वाडगा सूपसकट संपवला, तर तेवढे मीठ एकाच बैठकीत पोटात जाते. रक्तदाब असेल, तर सूप वाडग्यातच सोडावे. अन्न टाकू नये ही आपली शिकवण खरी, पण येथे ती बाजूला ठेवावी.

तीन पदार्थांविषयी सावध राहावे. पहिला नात्तो, म्हणजे आंबवलेले सोयाबीन. तो गुणकारी मानला जातो आणि शेजारीण प्रेमाने आणून देईल. पण ज्यांना रक्त पातळ करणारी वॉरफरिन ही गोळी चालू आहे, त्यांनी तो मुळीच खाऊ नये. त्यातील के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम कमी होतो. दुसरा मोची, तांदळाचा चिवट लाडू. नववर्षाच्या दिवसांत तो घशात अडकून जपानमध्ये दरवर्षी वृद्ध दगावतात. नातवाने आग्रह केला, तरी कवळी लावणाऱ्याने तो टाळावा, किंवा बोटाच्या पेराएवढे तुकडे करून पाण्याच्या घोटासह, सावकाश चावून खावा. तिसरा पदार्थ आपल्याच मातीतला आहे. हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. जपानमध्ये हळदीला ‘उकोन’ म्हणतात, आणि दारू पिण्याआधी घेण्याची हळदीची पेये तेथील चोवीस तास चालणाऱ्या दुकानांत छोट्या बाटल्यांतून विकली जातात. आपली हळद या थाटात पाहून हसू येते. तरी यकृताचा आजार असणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी असे तीव्र अर्क घेऊ नयेत. फोडणीतली चिमूटभर हळद वेगळी.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या गोष्टीकडे येतो. आपण तेथे पोहोचल्यापासून दहा दिवसांच्या आत घरातले एक काम आपल्या नावावर करून घ्यावे, आणि ते घराबाहेरचे असावे. माझ्या मते भाजी आणणे हे सर्वांत योग्य. पहिले तीन दिवस मुलगा किंवा सून बरोबर येईल, चौथ्या दिवशी ती दहा पावले मागे चालेल, पाचव्या दिवशी आपण एकटे जावे. जपानसारखा देश या कामासाठी फार सोयीचा आहे. पदपथ सपाट असतात, वाहने थांबतात, स्वच्छतागृहे स्थानकांत, बागांत आणि मोठ्या दुकानांत सहज सापडतात. मधुमेह किंवा प्रोस्टेटच्या त्रासामुळे आपल्याकडे बाहेर पडायला कचरणाऱ्याला ही मोठीच मोकळीक आहे. तेथील लोकसंख्येत पासष्ट वर्षांवरील माणसे सुमारे 29 टक्के आहेत. पाठीत वाकलेली आजी ढकलगाडीचा आधार घेत एकटी बाजारात फिरताना दिसते आणि कोणी वळून पाहत नाही.

भाजीच्या फळीवर ‘कोमात्सुना’ नावाची हिरवी पालेभाजी शोधावी. तिचे नाव एदोगावातल्याच कोमात्सुगावा या गावावरून पडले आहे. शोगुन योशिमुने शिकारीला आला असता त्याला ती वाढली आणि त्यानेच नाव दिले, अशी कथा सांगतात. पालकासारखी, पण कमी उग्र. डाळ घालून तिची पातळ भाजी अशी होते की गावाकडच्या मंडळींनीही नाव ठेवू नये. (वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे.) लांबलचक मुळा मिळतो, त्याला ‘दाइकोन’ म्हणतात. मूगाचे मोड तर सर्वांत स्वस्त. संध्याकाळी उशिरा गेलात, तर पदार्थांवर सवलतीच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. ‘半額’ ही अक्षरे दिसली की निम्मी किंमत. ही दोन चित्रे ओळखायला एक दिवस पुरतो, आणि ती ओळखू लागल्यावर घरात आपला भाव वाढतो.

पैसे हातात न देता तेथे ठेवलेल्या छोट्या तबकात ठेवायचे असतात. त्यामागे कसली शिवाशीव नाही, ती रीत आहे. कापडी पिशवी न्यावी, कारण जुलै 2020 पासून प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात. शंभर येनच्या दुकानांत वस्तू कर धरून 110 येनला मिळते. काठीचे रबरी टोक, गोळ्यांची डबी, वाचायचे भिंग, न घसरणारी चटई अशा वस्तू तेथे जरूर पाहाव्यात. एक येन म्हणजे साधारण पन्नास-साठ पैसे. प्रत्येक किमतीचा रुपयांत हिशेब करून ‘दोनशेचे सफरचंद!’ असे घरी म्हणत राहिल्याने सूनबाई खजील होते आणि आपण फळ खात नाही. पहिल्या आठवड्यानंतर हा गुणाकार थांबवावा.

खिशात एक कार्ड असावे. त्यावर जपानी लिपीत घराचा पत्ता, मुलाचा फोन, आपले आजार आणि औषधे लिहिलेली असावीत. वाट चुकलात, तर चौकाचौकांत ‘कोबान’ नावाची छोटी पोलीस चौकी असते. तेथे कार्ड दाखवले की पुरे. वाट सांगणे हे त्या पोलिसांच्या रोजच्या कामातले आहे. आपल्याकडे चौकीची पायरी चढायला माणूस बिचकतो, तसे तेथे बिचकण्याचे कारण नाही.

सकाळी साडेसहाला एखाद्या बागेतून पियानोचे सूर आले, तर जाऊन पाहावे. रेडिओवर व्यायाम चालू असतो. 1928 पासून ही प्रथा आहे. त्या वेळी रेडिओ लावून ज्येष्ठ मंडळी एकत्र हात-पाय हलवतात, कंबर वळवतात, मान फिरवतात. सगळे मिळून दहा मिनिटे. भाषा येत नसली तरी पुढच्या माणसाकडे पाहून जमते, आणि उभे राहवत नसेल तर बसून करण्याचीही पद्धत आहे. चार दिवस सलग गेलात, तर पाचव्या दिवशी कोणीतरी आपल्यासाठी जागा सोडून उभे राहील. ‘ओहायो गोझाइमासु’ एवढे सुप्रभात शिकून ठेवावे.

निशी-कासाई स्थानकापासून रमतगमत जाण्याजोग्या अंतरावर ग्योसेन पार्क आहे. त्यात छोटे प्राणिसंग्रहालय आहे, तेथे प्रवेशाला पैसे नाहीत, पेंग्विन पाहायला मिळतात, आणि शेजारी तळ्याकाठी जपानी बाग आहे. नातवाला शाळेतून आणल्यावर न्यायला ही जागा उत्तम. सोमवारी प्राणिसंग्रहालय बंद असते. समुद्राकाठी कासाई रिंकाई पार्कमध्ये 117 मीटर उंचीचे आकाशपाळणे आहे. ते सावकाश फिरते, बंद डब्यात बसायचे असते, त्यामुळे चक्कर न येणाऱ्याने बसायला हरकत नाही.

प्रेक्षणीय स्थळांत मी आपल्याला सुगामोला जाण्याचा आग्रह करीन. टोकियोतला हा वृद्धांचा बाजार. साधारण आठशे मीटरची सरळ गल्ली, दुकानांवर मोठ्या अक्षरांतल्या किमती, सैल कपडे, उबदार मोजे, काठ्या, मिठाचा हात लावलेल्या गोड वड्या, आणि आरोग्य लाभते या समजुतीने विकली जाणारी लालभडक अंतर्वस्त्रे, जी पाहून आजी तोंडाला पदर लावतील. मध्यावर कोगानजी हे मंदिर आहे, त्यातला जिझो ‘काटा काढणारा’ म्हणून प्रसिद्ध. आवारात कान्नोन देवतेची दगडी मूर्ती आहे. आपले जे अंग दुखते, ते मूर्तीचे अंग ओल्या फडक्याने पुसायचे. रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या हाताकडे पाहावे : कोणी गुडघा पुसतो, कोणी कंबर, कोणी डोळे. औंढा नागनाथाच्या दर्शनरांगेत उभे राहिलेल्या माणसाला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. दर महिन्याच्या 4, 14 आणि 24 तारखेला येथे जत्रा भरते. गर्दी सोसत नसेल तर हे दिवस टाळावेत. तोझाई मार्गाने ओतेमाचीला उतरून मिता मार्गाने सुगामोला जाता येते, मात्र ओतेमाचीला जमिनीखाली बरेच चालावे लागते. सकाळी दहाच्या आधी निघू नये, कारण तोझाई मार्गावरची सकाळची गर्दी टोकियोतल्या सर्वांत दाट गर्दींपैकी आहे. गाडीत कोपऱ्यातल्या राखीव जागा आपल्यासाठीच आहेत; 1973 पासून त्या ज्येष्ठांना मिळू लागल्या. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ट्रामचा थांबा आहे. परत फिरण्याऐवजी त्या ट्राममध्ये बसून जुने टोकियो खिडकीतून पाहावे.

मराठवाड्यातील बौद्ध वाचकांच्या मनात कोयासान येईल. तेथील विद्यापीठात 2015 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा बसवला आहे. जागा टोकियोपासून दूर, सुमारे आठशे मीटर उंचीच्या डोंगरावर आहे. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नये; मंदिराच्या धर्मशाळेत मुक्काम करावा. तेथे ‘शोजिन’ जेवण मिळते, त्यात मांस-मासा नसतो, रस्साही समुद्री शेवाळ आणि अळंबीचा. हिवाळ्यात तेथे बर्फ असते, तेव्हा वृद्धांनी जाऊ नये.

ऋतूंविषयी थोडेसे. फेब्रुवारी ते एप्रिल देवदाराच्या जातीच्या ‘सुगी’ झाडांचे परागकण हवेत उडतात. दमेकऱ्यांनी ते दिवस टाळावेत, चेरीचा बहर कितीही सुंदर असो. जुलै-ऑगस्टचा दमट उकाडा आपल्या कोरड्या उन्हापेक्षा वाईट सोसवतो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर सर्वांत चांगले. भूकंपाचे लहान धक्के बसतात. पळू नये, खाली बसून मेजाखाली डोके झाकावे. सायंकाळी पुष्कळ वस्त्यांत ध्वनिक्षेपकावर एक संथ धून वाजते, ती धोक्याची सूचना नव्हे. आपत्तीच्या वेळची यंत्रणा चालू आहे ना, याची ती रोजची चाचणी असते.

आता दोन शब्द मुलामुलींना, म्हणजे जे हा अंक आईवडिलांसाठी मागवतात त्यांना. आईला एकटीने बाजारात जाऊ द्या. तिला भाषा येत नाही, ती हरवेल, कोणी काय म्हणेल, ही भीती तुमची आहे. ज्या बाईने आयुष्यभर फाट्यावर गाड्या बदलल्या, तिला स्थानकाच्या पाट्यांचे रंग ओळखता येतात. बाबांना कचऱ्याचे वेळापत्रक सोपवा. कोणत्या वारी जळणारा कचरा, कोणत्या वारी बाटल्या, हे ते तुमच्यापेक्षा काटेकोर पाळतील. नातवंडांशी घरात मराठी बोला, म्हणजे आजी-आजोबांना तीन महिने दुभाष्याची वाट पाहावी लागणार नाही.

एका प्रसंगी मात्र माझा सल्ला उलटा आहे. आईवडिलांपैकी एकाची स्मृती ढासळू लागली असेल, रात्री उठून ‘आपले घर कोठे आहे’ असे विचारणे सुरू झाले असेल, तर त्यांना तिकडे नेऊ नये. परक्या खोलीत, परक्या आवाजांत त्यांचा गोंधळ वाढतो, आणि सांभाळणारा दुसरा जोडीदार, जो गावात शेजारणीच्या आधाराने निभावत होता, तेथे एकटा पडतो. नव्वद दिवसांचा व्हिसा वाया जातो म्हणून हळहळू नये. अशा वेळी मुलांनी इकडे यावे, वर्षातून दोनदा, आणि आल्यावर पाहुण्यासारखे न राहता सांभाळणाऱ्याला पंधरा दिवस पूर्ण सुट्टी द्यावी. एरवी फोन आहेच. जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास असते. आपल्याकडे पाच वाजता, चहा झाल्यावर फोन लावावा. तिकडे साडेआठ झालेले असतात, नातवंडांची जेवणे उरकलेली असतात आणि ती अजून झोपलेली नसतात.